मे महिन्यात पाणी कोण घालतं?

पाच जून जवळ आला की रोपवाटिकांपुढे टेम्पो लागतात, फ्लेक्स छापणाऱ्यांना उसंत मिळत नाही आणि शिक्षकांच्या मोबाइलवर निरोप येऊन पडतो : वृक्षारोपण करा, फोटो आजच्या आज लिंकवर भरा.

पाच जूनला आपल्याकडच्या बहुतेक शाळा बंद असतात. राज्य मंडळाच्या शाळा उघडतात जूनच्या मध्यावर, विदर्भात त्याहून उशिरा. मुलं मामाच्या गावी गेलेली असतात. जमीन तापलेली असते. मृग लागायला अजून दोन-तीन दिवस असतात, आणि मृग लागला म्हणजे पाऊस पडला असंही नसतं. ज्या मराठवाड्यात चांगली ओल गेल्याशिवाय शेतकरी तिफण बाहेर काढत नाही, तिथेच शाळेच्या मैदानात पाच जूनला खड्डा खणून रोप उभं केलं जातं. गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, तो सांगेल की हे रोप धरायचं नाही. त्याला कोणी विचारत नाही. शिक्षक सुट्टी मोडून येतात, गावात उरलेली चार पोरं गोळा करतात, एका रोपाला आठ हात लागतात, मागे पर्यावरण दिनाचा प्लास्टिकचा फ्लेक्स ताणला जातो आणि फोटो निघतो.

मला या फोटोचा राग येतो.

राग शिक्षकांचा नाही. दोघांनी चार-पाच इयत्ता सांभाळायच्या, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला शिपाई नाही, पोषण आहाराची माहिती रोज भरायची, त्यात हा फोटो. सांगितलेलं काम ते करतात. राग सांगणाऱ्यांचा आहे. राज्यानं २०१६ ते २०१९ या चार पावसाळ्यांसाठी २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी आणि ३३ कोटी झाडांची उद्दिष्टं ठेवली. हे आकडे आजही लोकांच्या तोंडी आहेत, कारण ते लावण्याचे आकडे होते. जगलेल्या झाडांचा आकडा कुणाच्या तोंडी आहे? २०२४ च्या पाच जूनला ‘एक पेड माँ के नाम’ सुरू झालं. शाळांना त्याचेही फोटो चढवायचे असतात. फोटो चढला की काम संपलं. मूल यातून एक गोष्ट पक्की शिकतं, की झाड लावणं म्हणजे झाडाबरोबर उभं राहणं. याला पर्यावरण शिक्षण म्हणायला मी तयार नाही. ही खोटेपणाची शिकवणी आहे आणि ती सरकारी खर्चानं चालते.

शाळेच्या बागेची परीक्षा मे महिन्यात होते. शाळेला कुलूप असतं, विहिरीनं तळ गाठलेला असतो, मोकळी गुरं-शेळ्या हिरवं पान शोधत फिरत असतात. त्या महिन्यात त्या रोपाला पाणी कोण घालतं, एवढं एकच विचारा. उत्तर म्हणून एखाद्या माणसाचं नाव आलं तर तिथे शिक्षण चालू आहे. नाव आलं नाही तर बाकी सगळं कागदावर आहे.

गेल्या जूनमध्ये, शाळा उघडल्या त्याच आठवड्यात, मी जिल्हा परिषदेच्या एका चौथीपर्यंतच्या शाळेत गेलो होतो. दोन खोल्या, पत्र्याचा व्हरांडा, बाजूला खिचडीची शेड आणि मागे जेमतेम अर्ध्या गुंठ्याची परसबाग. पाऊस झालेला नव्हता. मला वाटलं होतं, काटक्या पाहायला मिळतील. शेवगा हिरवागार होता. कढीपत्ता होता, गवती चहा होता, अळू होतं, दोन केळी होत्या. वांग्याची जुनी झुडपं छाटल्यावर पुन्हा फुटली होती. कुंपणावर दोडक्याचा वेल वाळून गेला होता आणि त्यावर बियांसाठी राखलेले तीन दोडके वाऱ्यानं खडखडत होते.

“मे महिन्यात पाणी कुणी घातलं?” मी गुरुजींना विचारलं. त्यांनी शेडकडे बोट केलं. खिचडी शिजवणाऱ्या ताई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांनी व्हरांड्याच्या भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर खडूनं मे महिन्याच्या तारखा लिहिलेल्या, प्रत्येक तारखेपुढे दोन नावं. काही नावं खोडून दुसरी घातलेली. कुणी लग्नाला गेलं, कुणाला ताप आला, तर त्याच्या जागी कोण, तेही लिहिलेलं.

शेवग्याच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर एक माठ गळ्यापर्यंत पुरला होता, तोंडावर फरशीचा तुकडा. पाणी गार करीनासे झालेले जुने माठ लोक उकिरड्यावर टाकतात. मुलांनी ते गोळा करून आणले होते, तळाला भोक पाडून कापडाची वात घातली होती. माठ तिसऱ्या दिवशी भरायचा, पाणी झिरपत झिरपत मुळाशी जातं. वाफ्यांवर पालापाचोळ्याचा वीतभर थर होता. मी वाकून पानं बाजूला केली आणि खाली बोटं घातली. वर अंगाची काहिली होत होती आणि खाली माती गार होती. मी उठलो तशी चौथीतली एक मुलगी पुढे आली, मी उघडी टाकलेली पानं तिनं दोन्ही हातांनी सारखी केली आणि म्हणाली, “बघून झालं की झाकायचं असतं, काका. नाहीतर ओल उडते.”

बाष्पीभवन हा शब्द तिला परीक्षेत लिहिता येईल की नाही, मला माहीत नाही. पण पाहुण्या माणसाला टोकण्याइतकं ते तिला कळलेलं होतं. मे महिन्यातल्या तिच्या पाळीच्या दिवसांनी ते तिला शिकवलं होतं.

त्या ताईंबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. पोषण आहार शिजवणाऱ्यांचं मानधन वर्षातले दहा महिने धरून दिलं जातं. मे महिन्यात खिचडी नाही, म्हणून मानधन नाही. बाग मात्र बारा महिने जगावी लागते. त्या रोज सकाळी पाळीच्या पोरांबरोबर तासभर येत होत्या, फुकट. “शेवगा वाळला तर पावसाळ्यात पाला कुठनं घालू खिचडीत?” एवढंच त्यांचं म्हणणं. परसबागांच्या स्पर्धा होतात, बागेला गुण मिळतात, तालुक्याला आणि जिल्ह्याला नंबर येतात. ज्या बाईच्या जिवावर ती बाग जूनपर्यंत तगते, तिला त्या दोन महिन्यांचे पैसे द्यायचं मात्र कुठल्याही पत्रकात सुचत नाही. हे पैसे दिले पाहिजेत. रोपांच्या टेम्पोपेक्षा ते स्वस्त पडेल.

कोणी म्हणेल, अर्ध्या गुंठ्यात पिकणार काय? खरं आहे, शाळेचं पोट त्यावर भरत नाही. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये शाळांच्या पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या तेव्हापासून बाग म्हणजे भाजीचा पुरवठा अशी समजूत काही अधिकाऱ्यांनी करून घेतली आहे. हिशेब साधा आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोजच्या आहारात ५० ग्रॅम भाजी मिळावी असं योजनेचं प्रमाण आहे. त्या शाळेत ४२ मुलं. म्हणजे रोज २ किलो १०० ग्रॅम. एवढी भाजी अर्ध्या गुंठ्यातून रोज निघत नाही. हिवाळ्यात पालक, मेथी, मुळा जोरात असतो तेव्हा आठवड्यातून दोनदा निघते.

पण हे त्या मुलांना ठाऊक आहे, कारण ती भाजी तीच काढतात आणि तीच तोलतात. पालकाच्या जुड्या काट्यावर ठेवायच्या, वजन लिहायचं. निवडून झाल्यावर पुन्हा तोलायचं. वजन कमी का झालं? देठं आणि किडकी पानं कुठे गेली? खताच्या खड्ड्यात. खड्ड्यात किती दिवसांनी माती होते? तारीख लिहून ठेवा आणि पाहा. ५० ग्रॅम भाजी म्हणजे ताटात केवढी, हे पत्रकं काढणाऱ्या किती जणांना हातात धरून दाखवता येईल? तिसरीतला पोरगा दाखवतो. जेवणं झाली की बेचाळीस ताटं धुतली जातात. ते पाणी पूर्वी गटारात जायचं, आता लहानसा पाट काढून ते केळीकडे आणि अळवाकडे वळवलं आहे. सुट्टीत ताटं नाहीत, म्हणजे पाणी नाही, म्हणून माठ. हे सगळं पोरांनी एकमेकांना समजावून सांगितलं तेव्हा मी शेजारी उभा होतो.

पर्यावरण शिक्षणाला कायद्याचं पाठबळ नाही असं कोणी म्हणू नये. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये हा विषय सक्तीनं शिकवा असं सांगितलं, २००३ मध्ये पुन्हा बजावलं. विषय आला, पुस्तकं आली, गुण आले. पाठोपाठ दुकानांत तयार प्रकल्पवह्या आल्या. ओढ्याच्या पाण्याचं निरीक्षण, परिसरातल्या वृक्षांची नोंद, सगळं लिहून तयार. अकरावी-बारावीतली किती मुलं ओढ्यापर्यंत न जाता ओढ्याचा प्रकल्प सादर करतात, ते शिकवणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. गुणही मिळतात. ओढा तिथेच आहे, कोणी आलेलं नाही.

खालच्या वर्गांत याहून वाईट प्रकार चालतो. त्याचं नाव ‘टाकाऊतून टिकाऊ’.

दोन वर्षांपूर्वी रात्री साडेनऊला शेजारची मुलगी आईबरोबर दारात आली. उद्या शाळेत वस्तू द्यायची आहे, रिकामी बाटली आहे का? आमच्याकडे नव्हती. त्या खाली गेल्या, कोपऱ्यावरच्या दुकानातून थंड पेयाची दोन लिटरची बाटली घेऊन आल्या आणि आईनं ते पेय मोरीत ओतून दिलं. मग बाटली कापली, तिला थर्माकोल लावला, चमकी चिकटवली, रंग दिला, पेनं ठेवायचं भांडं झालं. मुलीला पहिलं बक्षीस मिळालं. प्रदर्शन संपल्यावर आठ दिवसांनी मी त्या शाळेच्या मागच्या फाटकाजवळून जात होतो. सगळ्या वर्गांची भांडी, घरटी, रॉकेट ढिगानं पडली होती. त्या मुलीचं बक्षिसाचं भांडंही त्यात होतं.

रिकामी, स्वच्छ बाटली भंगारवाला घेतो. तिचा धागा होतो, पुन्हा वस्तू होते. तिच्यावर डिंक, थर्माकोल आणि चमकी चढली की तिला कोणी हात लावत नाही, ती थेट कचराभूमीवर जाते. चमकी म्हणजे प्लास्टिकचाच भुगा. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यानं २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीत बंदी घातली, तो शाळेच्या हस्तकलेत मात्र सुखानं राहतो. विकण्याजोगी वस्तू शाळेनं मुलीच्या हातून कायमची टाकाऊ करून घेतली आणि वर बक्षीस दिलं. शिक्षकांनी आणि पालकांनी हा प्रकार याच वर्षी बंद करावा, अशी माझी मागणी आहे. त्याऐवजी मुलांना वह्यांची कोरी पानं काढून नवी वही शिवायला लावा. आपल्या आई-बापांच्या पिढीनं दरवर्षी जूनमध्ये तेच केलं होतं. दाभण, सुतळी, थोडी खळ, जुन्या कॅलेंडरचं कव्हर. त्या वहीला बक्षीस द्या.

मी पाहिलेला सगळ्यात चांगला पर्यावरणाचा तास एका कचरावेचक मावशींनी घेतला होता. सातवीचा वर्ग. मावशींनी भाषण केलं नाही. फरशीवर ताडपत्री पसरली आणि शाळेचीच कचऱ्याची बादली तिच्यावर पालथी केली. मुलांनी नाकं दाबली. मावशी उकिडव्या बसल्या आणि झरझर ढीग लावत गेल्या : पुठ्ठा, पांढरा कागद, रंगीत कागद, दुधाची पिशवी, बाटली, बाटलीचं झाकण वेगळं. प्रत्येक ढिगाचा किलोचा भाव त्यांना पाठ होता. मग त्यांनी एक कागद उचलला. वहीचा चांगला पांढरा कागद, त्याला बटाट्याची भाजी लागलेली. “हा विकला असता. भाजी लागली, संपला.” ओला आणि सुका कचरा वेगळा का करायचा, हे त्यांनी एवढ्या शब्दांत सांगितलं. कायद्यानं ते २०१६ च्या नियमांपासून प्रत्येक घराला बंधनकारक आहे. मुलांना कायदा माहीत नव्हता. भाजी कुणाची होती, ते माहीत होतं.

शेवटी त्यांनी वेफर्सचं चकचकीत पाकीट घेतलं, मुठीत चुरगळलं आणि मूठ उघडली. पाकीट हळूहळू पुन्हा पसरलं. “हे कोण घेत नाही.” प्लास्टिकचे आणि चंदेरी मुलाम्याचे थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की सुटे करणं परवडत नाही. मुलांनी त्या दिवसाच्या बादलीतली पाकिटं मोजली. एकसष्ट निघाली. मागच्या बाकावरून एका मुलानं विचारलं, “मग ते बनवतात कशाला?”

वर्गात कुणाला उत्तर देता आलं नाही. मलाही नाही. पण हा प्रश्न विचारायला शिकवणं हेच शाळेचं काम आहे, आणि बऱ्याच शाळा त्याच्या आधीच थांबतात. कचरा टाकू नका, एवढं मुलांना बजावायचं. तो तयार करणाऱ्याला कोणी काही विचारायचं नाही. तमिळनाडूत तूतुकुडीच्या एका कन्याशाळेनं २०१८ मध्ये विचारलं. मुलींनी आपण खाल्लेल्या बिस्किटांची, वेफर्सची वीस हजारांहून अधिक वेष्टणं जमवली आणि ती बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवून दिली. तुमचा खाऊ आम्हाला आवडतो, वेष्टणं तेवढी बदला, असं त्यांचं मागणं होतं. पुण्याच्या कचरावेचक बायकांनी त्याआधीच, २०१३ मध्ये, वापरलेले सॅनिटरी पॅड त्या बनवणाऱ्या कंपन्यांकडे धाडले होते, कारण ते उघड्या हातांनी वेगळे त्यांना करावे लागत होते.

या बायकांची संघटना एका वर्गातूनच उभी राहिली, हे आपल्या शिक्षणाच्या इतिहासात लिहून ठेवण्याजोगं आहे. १९९० च्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण पुण्यातल्या कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवायला गेल्या. शिकवता शिकवता त्या मुलांच्या आयांबरोबर फेऱ्या मारू लागल्या. आयांचं म्हणणं सरळ होतं : कचराकुंडीत उतरण्याआधी, घरातूनच सुका कचरा वेगळा मिळाला तर कमाई वाढेल आणि वेळ वाचेल. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, डॉ. बाबा आढाव त्यांच्या पाठीशी होते. त्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेनं तिच्याशी करार केला. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणावर नेली होती. पुण्यात शाळा कचराकुंडीपाशी गेली आणि शिकवणाऱ्याच शिकून आल्या. शहरातल्या प्रत्येक शाळेनं वर्षातून चार तास अशा मावशींना द्यावेत, आणि पाहुण्या व्याख्यात्याला देतात तेवढं मानधन द्यावं.

आता स्वच्छता मोहिमांबद्दल. इथे मला जे म्हणायचं आहे ते काही पालकांना झोंबेल.

“आमच्या पोराला झाडू मारायला शाळेत पाठवत नाही,” असं सांगायला येणारे पालक असतात. आपल्या पोराच्या हातात झाडू आला की अपमान, मग तो कुणाच्या पोराच्या हातात असलेला चालतो? शाळेत सफाईची पाळी लागते तेव्हा झाडू मुलींकडे, पाण्याची बादली मुलींकडे आणि बाकं हलवायला मुलगे, हे तुम्हीही पाहिलं असेल. संडास धुवायची वेळ आली की ठरावीक वस्तीतल्या मुलांकडे नजर वळते, हेही घडतं. ज्या शाळेत असं घडतं तिथली स्वच्छता मोहीम म्हणजे जातीचा धडा आहे. त्यावर उपाय एकच. पाळीचा तक्ता हजेरीपटाच्या क्रमानं लावा, मुलगा-मुलगी भेद न करता, आणि त्यात पहिलं नाव मुख्याध्यापकांचं ठेवा. सेवाग्रामला आनंद निकेतन शाळेत शेतीकाम, स्वयंपाक आणि सफाई हा शिक्षणाचाच भाग आहे. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी मांडलेली नई तालीम तिथे २००५ पासून पुन्हा चालू आहे. तिथल्या मुलांचा अभ्यास त्यामुळे बुडालेला नाही.

गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा चालायचा. कीर्तन रात्री. दिवसभर ज्यानं आपला रस्ता झाडला त्याच्याच तोंडून रात्री ऐकायचं, म्हणून लोक ऐकत होते. कीर्तनात ते प्रश्न विचारायचे आणि उत्तर लोकांकडूनच काढून घ्यायचे. १९५६ च्या डिसेंबरात ते गेले. त्यांच्या नावानं २००० मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं आणि पुष्कळ गावांचा कायापालट त्यानं केला, हे मी मान्य करतो. पण तपासणीचं पथक यायच्या आदल्या रात्री गाव झाडायचं, फक्की मारायची आणि पथक गेलं की सोडून द्यायचं, ही सवयही याच काळात लागली. बाबांनी बक्षिसासाठी कधी खराटा धरला नव्हता.

शाळांच्या मोहिमा आज त्याच वळणावर आहेत. समुद्रकिनारी किंवा नदीकाठी एक सकाळ, नवे टी-शर्ट, नवे हातमोजे, नाश्त्याची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या. गोळा केलेल्या गोण्या कुठे जातात, हे मुलांनी विचारायच्या आत बस निघते. वर्सोव्याला अफरोझ शाह या वकिलानं ऑक्टोबर २०१५ मध्ये किनारा साफ करायला सुरुवात केली तेव्हा सोबत एक म्हातारे शेजारी होते. ते दर आठवड्याला त्याच किनाऱ्यावर येत राहिले, माणसं वाढत गेली. मार्च २०१८ मध्ये त्या वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. कासवासाठी किनारा दर आठवड्याला साफ लागतो, वर्षातून एकदा नव्हे. मुलांना दाखवायचंच असेल तर एकच ओढा, एकच गल्ली, एकच नाला घ्या आणि वर्षभर दर शनिवारी तिथेच जा. काय सापडलं ते लिहा. पुढच्या आठवड्यात तेच पुन्हा का सापडलं, ते शोधत नाल्याच्या वरच्या अंगाला चालत जा.

शिक्षण खात्याला माझी विनंती आहे की ती लिंक पाच जूनला बंद ठेवा आणि एकतीस मेला उघडा. त्या दिवशी गेल्या वर्षीच्या रोपाचा फोटो मागा, बाजूला त्याला पाणी घालणाऱ्यांची नावं मागा. रोप मेलं असेल तर ते का मेलं, हे मुलांच्या अक्षरात चार ओळी मागा आणि त्या चार ओळींनाही पूर्ण गुण द्या.

वाचकांना विनंती अशी, की या पावसाळ्यात कुठल्याही शाळेला रोपं भेट देऊ नका. रोपं भरपूर आहेत. घराजवळच्या शाळेत जा आणि विचारा, कुंपण आहे का, पाण्याची टाकी आहे का, दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत पाळी कुणाची. पाळीला माणूस कमी असेल तर तक्त्यावर आपलं नाव लिहून या.

परवा मी त्या शाळेच्या गुरुजींना फोन केला होता. पानं झाकणारी ती मुलगी चौथी पास झाली, जूनमध्ये पाचवीसाठी शेजारच्या गावच्या शाळेत जाईल. या मे महिन्याच्या तक्त्यावरही तिचं नाव आहे, चार रविवार.